विंचवाचे विष, कोळ्याचे विष आणि मेंदूतील गाठ

गेल्या महिन्यात अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुण शेतकरी माझ्या दवाखान्यात आला. सोबत वडिलांच्या तपासण्यांची जाडजूड फाईल होती. वडिलांच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया मुंबईला झालेली. तपासणीत गाठ ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या कर्करोगातील सर्वांत चिवट प्रकारची निघालेली. आता सहा आठवडे विकिरण उपचार घ्यायचे होते. तारीखही मिळाली होती. पण तारीख उलटून आठ दिवस झाले तरी मंडळी गावातच होती.

मी कारण विचारले. मुलाने खिशातून मोबाईल काढून एक मजकूर पुढे केला. 'कोळ्याच्या विषाने मेंदूचा कॅन्सर बरा, शास्त्रज्ञांचा शोध' असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. खाली कोणा 'विषचिकित्सका'चा पत्ता आणि थेंबांच्या बाटलीची किंमत. तीन महिन्यांचे औषध एकदम घ्यायचे आणि त्या काळात 'लाईट' अजिबात घ्यायची नाही, अशी अट! पैशांसाठी दोन बिघे गहाण टाकायची बोलणी झाली होती. एवढे सांगून मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "डाक्टरसाहेब, हाई खरं शे का?"

वाचकहो, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येईना. "साफ खोटे" म्हणावे, तर कोळ्याच्या आणि विंचवाच्या विषावर मेंदूच्या कर्करोगाच्या संदर्भात जगात खरोखरच संशोधन चालू आहे. "खरे" म्हणावे, तर त्या बाटलीचा आणि त्या संशोधनाचा काडीचा संबंध नाही. जी अफवा अर्ध्या खऱ्यावर उभी असते ती निव्वळ खोट्यापेक्षा जास्त माणसे बुडवते. म्हणून आजच्या लेखात या विषयाचा खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, ते नीट पाहू.

विषातून औषध ही कल्पना आपल्याला नवी नाही. 'काट्याने काटा काढावा' असे आपण म्हणतोच. रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून आले. १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्या बांधावरच्या दगडाखाली सापडणाऱ्या फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्या विषातील एका प्रथिनाच्या घडणीवरून हृदयविकाराच्या रुग्णांसाठी टिरोफिबान हे इंजेक्शन तयार झाले. समुद्रातील शंखाच्या गोगलगायीच्या विषापासून झिकोनोटाईड नावाचे वेदनाशामक तयार झाले आणि २००४ साली त्याला मान्यता मिळाली. यांतील एकही औषध म्हणजे बाटलीत भरलेले विष नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. विषातील शेकडो घटकांतून एक वेगळा काढायचा, त्याची घडण ओळखायची, कारखान्यात तसाच किंवा त्याच्यासारखा रेणू बनवायचा, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर त्याची चाचणी घ्यायची. या वाटेला दहा-वीस वर्षे सहज लागतात आणि बहुतेक रेणू मध्येच गळतात.

आता मेंदूकडे वळू. प्रत्येक पेशीच्या भिंतीला अतिसूक्ष्म दरवाजे असतात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड अशा क्षारांचे कण त्यांतून आत-बाहेर करतात. मज्जातंतूंमधून संदेश जातो तो या दरवाज्यांच्या उघडझापीमुळेच. विंचू आणि कोळी यांचे विष नेमके याच दरवाज्यांवर काम करते. किडा जागच्या जागी लुळा पडावा म्हणून निसर्गाने कोट्यवधी वर्षांत घडवलेल्या या किल्ल्या आहेत. एकेक किल्ली एकेका कुलपाला अशी चपखल बसते, की शास्त्रज्ञ तिचा उपयोग दरवाजा ओळखण्यासाठीही करतात.

ग्लायोमा जातीच्या गाठीच्या पेशींना एक वाईट खोड असते. त्या एका जागी राहत नाहीत. मेंदूतील पेशींच्या मधल्या चिंचोळ्या फटींतून त्या सरपटत पुढे जातात. फटीतून जाताना पोटॅशियम, क्लोराईड आणि त्यांबरोबर पाणी बाहेर टाकून अंग चोरतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा फुगतात. म्हणूनच सर्जनने दिसेल तेवढी गाठ काढली तरी काही पेशी दूरवर जाऊन बसलेल्या असतात आणि गाठ पुन्हा उगवते.

पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील एका पिवळ्या विंचवाच्या विषातून १९९३ साली क्लोरोटॉक्सिन नावाचे ३६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन वेगळे काढण्यात आले. ते ग्लायोमाच्या पेशींना चिकटते, पण मेंदूच्या निरोगी पेशींना फारसे चिकटत नाही, असे पुढे अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातील संशोधकांना आढळले. मग या प्रथिनाला किरणोत्सारी आयोडीन जोडून, गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत ते सोडण्याचा प्रयोग झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत १८ रुग्ण होते. औषध रुग्णांना सोसले. परंतु ते बाजारापर्यंत काही पोहोचले नाही. सिअॅटलमधील डॉक्टरांनी याच प्रथिनाला चमकणारा रंग जोडून शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीची हद्द सर्जनला दिसावी असा प्रयत्न केला. मुलांच्या मेंदूतील गाठींवरही त्याच्या चाचण्या झाल्या. २०२० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना क्लोरोटॉक्सिनची 'नाकझडती' शिकवून गाठीवर सोडण्याची पद्धत मांडली.

आणि आपला तांबडा विंचू? कडब्याच्या गंजीत, पऱ्हाटीच्या ढिगात, गोवऱ्यांच्या हुडव्यात असणारा हा आपला जुना शेजारी. त्याच्या विषातून १९९० साली परदेशी शास्त्रज्ञांनी इबेरिओटॉक्सिन नावाचे प्रथिन वेगळे केले. पोटॅशियमचा एक विशिष्ट मोठा दरवाजा ते अचूक बंद करते. हाच दरवाजा ग्लायोमाच्या पेशींवर मोठ्या संख्येने असतो. गाठीच्या पेशी अंग चोरून कशा सरकतात, हे समजून घेताना जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरली ती आपल्या तांबड्या विंचवाच्या नांगीतील किल्ली! नाव परदेशी, पेटंट परदेशी, विंचू मात्र इथला.

आता कोळ्याविषयी. ब्राझीलमध्ये केळीच्या घडांत लपणारा एक विषारी कोळी आहे. (रावेर-यावलच्या बागाईतदारांनी घाबरू नये, तो आपल्याकडे नाही.) तेथील कॅम्पिनास विद्यापीठात या कोळ्याच्या विषाचा मेंदूवरील परिणाम बरीच वर्षे अभ्यासला जात आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार चोखंदळ असते. रक्तातील बहुतेक औषधे ती मेंदूत शिरू देत नाही. कर्करोगाची कित्येक औषधे मेंदूत निरुपयोगी ठरतात ती या भिंतीमुळे. हे विष ती भिंत काही काळ सैल करते, असे उंदरांमध्ये दिसले. विषाचे काही घटक ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींची वाढ रोखतात, असेही प्रयोगशाळेत दिसले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसऱ्या एका कोळ्याच्या विषातील प्रथिन पक्षाघात झालेल्या उंदरांना दिले. आठ तासांनंतर देऊनही मेंदूची हानी कमी झाल्याचे त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले.

या संशोधनाची दुसरी बाजू आहे मेंदूतील दाहाची. दाह म्हणजे नुसती आग नव्हे. जखम पिकते, लाल होते, सुजते, तो दाह. मेंदूतही असा दाह होतो. तेथे तो घडवणाऱ्या पहारेकरी पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. जंतू किंवा मेलेली पेशी दिसली की त्या धावून जातात. पण हे पहारेकरी फार काळ खवळलेले राहिले, तर घरच्याच माणसांना मारू लागतात. पक्षाघातानंतर आणि स्मृतिभ्रंशातही काहीसे असेच घडते. गाठीच्या बाबतीत प्रकार आणखी अजब. ग्लायोब्लास्टोमाच्या गोळ्यात कधी कधी एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक पेशी या पहारेकऱ्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या असतात. पण गाठीने त्यांना फितवलेले असते! चोराला धरायचे सोडून ते चोराचेच पाणी भरतात. या पहारेकऱ्यांच्या अंगावरही पोटॅशियमचे दरवाजे असतात आणि विंचवाच्या काही विषांतील प्रथिने ते बंद करू शकतात. फितूर पहारेकरी पुन्हा कामावर आणता येतील का, खवळलेले शांत करता येतील का, याचा शोध विषाच्या किल्ल्यांनी चालला आहे.

इतके सगळे खरे आहे. पण हे सारे काम प्रामुख्याने काचेच्या बशीतील पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहे. माणसांवरच्या चाचण्या मोजक्याच. मेंदूच्या कर्करोगावर कोळ्याचे अथवा विंचवाचे विष हे मान्यताप्राप्त औषध म्हणून जगात कोठेही मिळत नाही. अमेरिकेत नाही, मुंबईत नाही आणि त्या बाटलीवाल्याकडे तर नाहीच. उलट जो उपचार सिद्ध आहे तो कितीही अपुरा असला तरी खरा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नुसते विकिरण घेतलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे १० जण दोन वर्षांनी हयात होते. विकिरणाबरोबर टेमोझोलोमाईडच्या गोळ्या घेतलेल्यांत हा आकडा सुमारे २७ होता. आकडा मोठा नाही, हे मलाही कळते. पण ज्या घरात मुलीचे लग्न व्हायचे आहे, ज्याला नातवाचे तोंड पाहायचे आहे, त्याला विचारा सहा महिन्यांचे मोल काय ते!

येथे मला माझीच एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. १९८४ साली मी साक्री तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होतो. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास सात वर्षांच्या एका मुलाला बैलगाडीतून आणले. संध्याकाळी विंचू चावलेला. आधी विंचू उतरवणाऱ्याकडे दोन तास गेले होते. मूल घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती, हातपाय बर्फासारखे गार. पुस्तकात होते तेवढे सगळे मी केले. पहाटे त्याच्या तोंडाला गुलाबी फेस आला आणि ते गेले. मंत्र म्हणणाऱ्यापाशी इलाज नव्हता. पण खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हता. त्याच्या आईने मला एकच विचारले, "भाऊ, मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर?" मी गप्प राहिलो. कारण मोठ्या दवाखान्यातही त्या वेळी हेच झाले असते.

त्याच सुमारास कोकणात महाडकडे एक मराठी डॉक्टर या प्रश्नाशी झुंजत होते. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, नागपूरला शिकलेले आणि १९७६ पासून रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले. विंचू चावलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ रात्र-रात्र बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ठेवत. १९८२ साली त्यांची निरीक्षणे इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात आली. विष मज्जातंतूंमधून उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी साचते, हा क्रम नीट उमगल्यावर उपाय सुचला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी! १९८६ साली त्यांनी तिचा गुण 'लॅन्सेट'मध्येच मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी १०० मागे तीस-चाळीस दगावत. वेळेवर गोळी मिळू लागल्यावर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेल्या अभ्यासात, प्राझोसिनला विंचूविषाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हेही त्यांनी दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन गोष्टी मी एकत्र का सांगतो? विषाच्या संशोधनाचा अर्थ काय असतो, हे त्यातून कळते म्हणून. डॉ. बावस्करांनी विषाची बाटली विकली नाही. त्यांनी रुग्ण मोजले, नोंदी ठेवल्या, चूक निघाली तर दुरुस्त केली आणि सगळे जगापुढे तपासायला ठेवले. खरा संशोधक असा उघड्यावर बसतो. "कोणाला सांगू नका, दुसरे औषध बंद करा, पैसे आगाऊ द्या" असे जो म्हणतो, तो संशोधक नव्हे.

माझे दुसरे म्हणणे आपल्या शिक्षणसंस्थांसाठी आहे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून आहे. बहिणाबाईंच्या नावाचे आपले विद्यापीठ जीवशास्त्राचे शिक्षण देते. तांबड्या विंचवाच्या विषातील प्रथिने प्रदेशाप्रमाणे बदलतात, हे भारतातील अभ्यासांतून दिसले आहे. मग सातपुड्याच्या पायथ्याचा, तापीकाठचा, साक्रीच्या माळावरचा विंचू कसा आहे, याची नीट नोंद आपणच का करू नये? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विंचूदंशाची एक वही ठेवली; किती वाजता चावला, किती वाजता आणले, गोळी कधी दिली, काय झाले, एवढेच लिहिले; तरी पाच वर्षांत मोलाचा ठेवा उभा राहील. यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. बिरवाडीला कोठे होते? उद्या त्याच विषातून मेंदूच्या रोगावरची आणखी एखादी किल्ली निघाली, तर तिच्यावर खानदेशचे नाव का नसावे?

आता नेहमीप्रमाणे काही व्यवहाराच्या सूचना.

विंचू चावल्यास जागा कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. नुसतीच कळ असेल तर फारसे भय नाही. पण घाम सुटणे, लाळ गळणे, उलटी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर उतरवणाऱ्याकडे एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे. गोळी आपल्या मनाने देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

अंगावर जळजळीत फोड उठले की 'कोळी मुतला' असे आपल्याकडे म्हणतात. बहुतेक वेळा त्यात कोळ्याचा दोष नसतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक किडा अंगावर चिरडला गेला तरी असे फोड येतात. कधी ती नागीण असते. आपल्या घरातला कोळी माशा-डास खाणारा निरुपद्रवी सोबती आहे.

डोकेदुखी सर्वांनाच होते. परंतु सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, मोठ्या वयात प्रथमच झटका येणे, एका बाजूची शक्ती कमी होणे, बोलणे अडखळणे, स्वभाव एकाएकी बदलणे ही लक्षणे दिसल्यास 'बाहेरचे' समजून भगताकडे जाऊ नये. मेंदूची तपासणी करून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीवरील शस्त्रक्रिया व कर्करोगावरील उपचार येतात. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. जमीन गहाण टाकण्याआधी ही चौकशी जरूर करावी.

आणि कर्करोगावर 'नवा शोध' लागल्याचे कोणी सांगितले, तर तीन प्रश्न विचारावेत. हा प्रयोग माणसांवर झाला का? किती माणसांवर? आणि चालू उपचार थांबवा असे का सांगता? तिसऱ्या प्रश्नालाच बहुतेक बाटल्या फुटतात.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, की कोळ्याच्या विषाचे औषध निघेल तेव्हा ते टाटा हॉस्पिटलात आधी पोहोचेल, मग मोबाईलवर. त्याने काही वेळ फाईलकडे पाहिले आणि विचारले, "लाईटले उशीर झाया, आते घेतील का त्या?" मी तेथल्या तेथे मुंबईला फोन लावला. चौथ्या दिवशी बापलेक रेल्वेने गेले. तीन आठवड्यांचा उशीर झाला. तो काही भरून येणार नाही. पण उपचार पूर्ण झाले आहेत, म्हातारा सध्या ओट्यावर बसून कापूस वेचणाऱ्या बायांना सूचना देतो आणि दोन बिघे जमीन त्याच्याच नावावर आहे. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, आणि त्या मुलालाही तसे खोटे सांगितलेले नाही.